केतकीच्या घरचं बुकिंग

"दाबू का?" केतकीने फोनवर विचारलं.

"थांब जरा. माझ्याकडे नेट येऊ दे नीट."

मी तिच्याच बिल्डिंगखाली, मीटरच्या खोलीशेजारच्या कट्ट्यावर बसले होते. अंगात कंपनीचा जांभळा कुर्ता, पायाशी कंपनीची चाकांची बॅग, आणि डोळे फोनवर. केतकी वर सहाव्या मजल्यावर होती. केतकी म्हणजे माझी मावसबहीण. माझ्याहून बरीच लहान, पण अक्कल माझ्यापेक्षा जास्त, असं ती स्वतःच सगळ्यांना सांगते. ही कल्पनाही तिचीच.

"आता दाब," मी म्हटलं.

"दाबलं. फेशियल, थ्रेडिंग, हेड मसाज, सगळं घेतलंय. मोठं बुकिंग असलं की रेटिंगपण वजनदार पडत असेल ना?"

"वजनबिजन काही नसतं गं. स्टार म्हणजे स्टार."

फोन ठेवून मी वाट बघत बसले. बेत अगदी सरळ होता. ती अ‍ॅपवर बुकिंग करणार, मी खालीच बसलेय म्हटल्यावर ते मला पडणार, मी वर जाणार, तिने सांगितलेला ओटीपी टाकून काम सुरू झाल्याचं दाखवणार, चहा पिऊन दिवाणावर आडवी होणार आणि वेळ भरली की ती मला पाच स्टार देणार. सहाव्या मजल्यावरचं कुणाला काय दिसतंय?

ही वेळ यायचं कारण असं, की माझा आयडी जायच्या बेतात होता. आमच्या कामात रेटिंगची एक रेषा असते. तिच्याखाली गेलात की अ‍ॅप तुम्हाला रांगेत मागे ढकलतं. मागे गेलं की बुकिंग येत नाहीत, आणि बुकिंगच नाहीत तर रेटिंग वर यायचं कुठून? रविवारी संध्याकाळी कंपनी हिशेब बघते आणि जी रेषेखाली असेल तिचा आयडी बंद करते. आयडी बंद म्हणजे काम बंद. आठ वर्षं दुसऱ्याच्या पार्लरमध्ये राबून, तिथून भांडून बाहेर पडून मी या अ‍ॅपमध्ये आले होते. परतीचा रस्ता मी माझ्याच तोंडाने बंद केलेला होता.

एका बाईने मला एक स्टार दिला होता. तिने कारणही लिहिलं होतं. केतकीने विचारलं तेव्हा मी म्हटलं, असेल काहीतरी, लोकांना काय, आणि विषय बदलला.

फोन वाजला, पण तो केतकीचाच होता.

"संजूताई, रत्नमाला के. कोण?"

"कोण?"

"इथे आलंय. रत्नमाला के. आपल्या सेवेसाठी निघाल्या आहेत. फोटोपण आहे, आणि तो तुझा नाही."

जी जवळ असेल तिला बुकिंग पडतं, असं आम्ही सगळ्याजणी मानून चालायचो. म्हणून तर पिंपळे सौदागर, रहाटणी, वाकड या भागात मोठ्या सोसायट्यांच्या गेटाशी झाडाखाली आमच्यातली एखादी बाई बॅग घेऊन बसलेली दिसायचीच. पण जवळ असून उपयोग काय, रांगेत मागे ढकललेली बाई मागेच असते. आणि नव्याने लागलेल्या बाईला अ‍ॅप पहिले काही दिवस भरभरून काम देतं, तिची गोडी लागावी म्हणून. हे मला ठाऊक होतं. माहीत असलेली गोष्ट नेमकी नको तेव्हा डोक्यातून जाते, त्यातला प्रकार.

"रद्द करू?" केतकी म्हणाली.

"नको. ती निघाली असेल बिचारी."

"मग काय करायचं? माझी तर आता मीटिंग आहे."

मी गेटाकडे पाहिलं. जांभळ्या कुर्त्यातली एक बाई वॉचमनच्या वहीत सही करत होती. तिच्या बॅगेचं एक चाक निखळलेलं होतं. त्यामुळे तिने बॅग ओढली नाही, उचलूनच घेतली. अशी उचललेली बॅग खांद्यातून कशी कळ काढते ते मला माहीत होतं. बुकिंग रद्द झालं असतं तर तिला तीच बॅग तशीच उचलून परत गेटाबाहेर जावं लागलं असतं.

"रद्द करू नकोस," मी म्हटलं आणि लिफ्टकडे पळाले.

त्या बिल्डिंगमध्ये आमच्यासारख्यांना मागची सर्व्हिस लिफ्ट होती, आणि ती त्या आठवड्यात बंद होती. पुढची लिफ्ट राहणाऱ्यांसाठी. मी केतकीची बहीण असल्याने आणि वॉचमनची पाठ असल्याने पुढच्या लिफ्टने वर गेले. रत्नमाला के. जिन्याने येणार होती. तेवढाच मला वेळ मिळाला.

केतकीचं घर लहान. दार उघडलं की एका बाजूला बाथरूम, दुसऱ्या बाजूला स्वयंपाकघर, समोर हॉल आणि आत एक बेडरूम. बेडरूममध्ये केतकीचा लॅपटॉप उघडा होता आणि त्यात कुणीतरी साहेब आकडे वाचत होते.

"तू झोप," केतकी म्हणाली. "तूच केतकी. मी तुझी बहीण. ही माझी मॅक्सी घाल."

"अगं पण..."

"पण काय? फुकट फेशियल होतंय तुझं. जा."

मी बाथरूममध्ये घुसले, कुर्ता काढून खुंटीला अडकवला, वरून ओळखपत्राची माळ टाकली, बॅग नळाखाली ढकलली आणि केतकीची फुलाफुलांची मॅक्सी अंगात चढवली. बाहेर येते तोच बेल वाजली.

दारात पन्नाशीची बाई उभी होती. सहा मजले चढून आल्यामुळे दम लागलेला, पण तो गिळून ती एका दमात म्हणाली, "नमस्कार मॅडम मी रत्नमाला आपल्या सेवेसाठी आलेली आहे मी आत येऊ शकते का?"

हे वाक्य मी किती दारांत म्हटलं असेल. दाराच्या आतल्या बाजूने ते पहिल्यांदा ऐकलं. मी म्हटलं, "या ना," आणि माझाच आवाज मला परका वाटला.

तिने चपला बाहेर काढल्या, सॅनिटायझर लावला, ओटीपी विचारला. मी आत जाऊन केतकीच्या फोनवरून सांगितला. दिवाणावर तिने कागदी चादर अंथरली, घडीचं स्टूल मांडलं, पाकिटं काढली आणि एकेक माझ्यासमोर धरत म्हणाली, "मॅडम, सील बघून घ्या." मी बघितलं. आजवर माझ्या एकाही गिऱ्हाइकाने सील बघितलं नव्हतं, त्यामुळे कसं बघतात तेही मला नीट माहीत नव्हतं.

मी आडवी झाले. तिने केस मागे घेऊन पट्टी बांधली, डोळ्यांवर गुलाबपाण्याचे बोळे ठेवले आणि दोन्ही हात माझ्या कपाळावर टेकवले.

मी तिच्या चुका मोजायला लागले होते. सवयच ती. बॅग उघडी ठेवली, टॉवेल सोफ्यावर टाकला, सोफ्याला हात लावला तर कुणी कुरकुरतं. आधी क्लिन्झिंग, मग स्क्रब, आणि हिने मध्येच मानेला हात घातला. मग मोजायचं राहूनच गेलं. तिचे अंगठे भुवयांच्या मधोमध यायचे, तिथून कानापर्यंत जायचे आणि कानामागे जरा थांबायचे. कंपनी असं शिकवत नाही. कंपनीच्या व्हिडिओत कुठेच थांबायचं नसतं.

"प्रेशर बरं हाय का मॅडम?"

"बरं आहे."

"जास्त वाटलं तर सांगा. माझा हात जड हाय, लेक म्हणती."

तिचा हात जड नव्हता. मी रोज चार-पाच बायकांच्या चेहऱ्यावरून हात फिरवते, पण माझ्या चेहऱ्याला शेवटचा कुणी हात लावला होता ते मला आठवेना. आई गेली त्याआधी कधीतरी असेल. नवरा भला माणूस, पण तो टेम्पो चालवून घरी आला की दोघांनाही पाठ टेकण्यापलीकडे काही सुचायचं नाही. डोळ्यांवरच्या बोळ्यांखालून पाणी यायला लागलं. मला वाटलं कळणार नाही, पण तिने बोळे बदलले.

"झोंबतंय का काही?"

"हो, थोडंसं," मी म्हटलं. झोंबत काहीच नव्हतं.

गप्प राहवेना म्हणून मी विचारलं, "तुम्ही मूळच्या कुठल्या?" आम्हालाही सगळ्या बायका हेच विचारतात. आम्ही दोन वाक्यांत आटोपतो.

"मिरजेची. तितं पार्लर हुतं माझं. घराच्या म्होरच्या खोलीत. नवऱ्या आमच्याकडंच सजायच्या."

"मग बंद का केलं?"

"मी कशाला बंद करतीय? रस्ता रुंद केला, त्यात खोली गेली. घर राहिलं, पार्लर गेलं." तिचे हात चालूच होते. "मग लेकीकडं आले. जावई चांगला हाय, पर बसून किती दिस खायचं. लेकीनं ह्ये फोनवरचं काम बघून दिलं. पयला महिनाच हाय माझा. ट्रेनिंगला सांगितलंय, गिऱ्हाइकापुढं आपलं रडगाणं लावायचं न्हाई. तुम्ही इचारलंत म्हणून बोलले हं."

"काही हरकत नाही," मी म्हटलं.

"रेटिंग तेवढं बघा मॅडम. पयल्या महिन्यात चांगलं पडलं तर पुढं टिकायचं, न्हाईतर काढून टाकत्यात म्हणं."

"बघते." माझ्या मनात आलं, बाई, तुझ्या पहिल्या महिन्याने माझा शेवटचा महिना खाल्ला. पण तिच्यावर रागावणं काही जमलं नाही. तिचा अंगठा कानामागे थांबलेला असताना कुणावरच रागावता आलं नसतं.

मसाज संपला, तिने पॅक लावला आणि म्हणाली, "वाळेपर्यंत बोलायचं न्हाई मॅडम, हसायचंबी न्हाई." मी पडून राहिले. चेहरा हळूहळू ओढला जाऊ लागला. बेडरूममधून केतकीचे साहेब अजून बोलतच होते. शेजारी स्टूल करकरलं. ती उठली, बसली, परत उठली. मग माझ्या कानाशी येऊन, आवाज अगदी खाली आणून तिने विचारलं, "मॅडम, एक इचारू का? राग मानू नका. बाथरूमला जाऊन आले तर चालंल का? सकाळपासनं भाईरच हाय."

मी बोळ्यांखाली डोळे मिटलेले होते ते आणखी घट्ट मिटले.

मला जो एक स्टार मिळाला होता तो याच प्रश्नाचा. औंधची बाई. मोठं घर, चार बाथरूम. माझी पाळी होती आणि सकाळपासून तिसरं बुकिंग. मी असंच कानाशी जाऊन विचारलं. ती म्हणाली, जा ना, त्यात काय, आणि हसलीसुद्धा. मी निघाले आणि जिना उतरेपर्यंत अ‍ॅपवर येऊन पडलं: एक स्टार. "कामाला येतात आणि आमचं बाथरूम मागतात." केतकीला मी हे सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. चोरीचा आळ आला असता तर सांगितला असता. हे सांगायला जीभ रेटत नव्हती.

आणि आता त्या बाथरूममध्ये माझा जांभळा कुर्ता खुंटीला होता, ओळखपत्र होतं, नळाखाली बॅग होती. असं ठरवून केलेलं बुकिंग पकडलं गेलं तर कंपनी रविवारची वाट बघत नाही. त्याच दिवशी आयडी जातो, आणि कायमचा. नाही म्हणायला काय लागतं? नळ गळतोय, बहीण आत आहे, बाथरूम तुंबलंय. गिऱ्हाईक म्हणून मला कारणही द्यायची गरज नव्हती.

"जा," मी ओठ न हलवता म्हटलं. तरी गालाला तडा गेलाच.

ती गेली. कडी लागल्याचा आवाज आला. पाण्याचा आवाज आला आणि थांबला. मग बराच वेळ कसलाच आवाज आला नाही. मी पडल्या पडल्या तिच्या डोळ्यांनी ते बाथरूम बघत होते. आता ती कुर्ता बघतेय, आता माळ उलटी करून फोटो बघतेय.

कडी निघाली. पावलं आली ती दिवाणापासून लांबच थांबली.

"मॅडम."

मी बोळे काढून उठून बसले. ती हात जोडून उभी होती. चेहरा पार उतरलेला.

"चुकलं मॅडम माझं. परत कुणाकडं न्हाई इचारणार. ह्ये पयल्यांदाच इचारलं, लेकीची शपथ. मला ठाव न्हवतं."

"काय ठाऊक नव्हतं?"

"तुम्ही कंपनीच्या हाय ते."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. ट्रेनिंगमध्ये एक गोष्ट सगळ्यांना सांगतात: कंपनी कधी कधी आपलीच माणसं गिऱ्हाईक म्हणून बसवते. तुम्ही कसं बोलता, काय मागता, सगळं ती टिपून नेतात. असं माणूस आमच्यापैकी कुणी कधी पाहिलेलं नव्हतं, पण प्रत्येक अनोळखी दाराशी मनात ते असायचंच. मी तिच्या भीतीने बोळ्यांखाली थिजले होते, आणि ती त्या बंद बाथरूममध्ये माझ्या भीतीने.

"अहो, तसं नाही," मी उठले. तोंडावरच्या पॅकच्या खपल्या मॅक्सीवर पडल्या. तेवढ्यात केतकी कानावरचा हेडफोन गळ्यात लोंबकळवत बाहेर आली. तिने एकदा रत्नमालाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि माझा दंड धरून मला स्वयंपाकघरात नेलं.

"ऐकलं मी," ती कुजबुजली. "ताई, अगं बरं झालं की. ती तुला साहेब समजतेय. समजू दे. या वेळी सोडते म्हण, पुन्हा करू नका म्हण, संपलं. ती जन्मात कुणाला सांगायची नाही. तू खरं सांगितलंस आणि तिने उद्या कुणाला बोलून दाखवलं तर?"

केतकीचं चुकत नव्हतं. अक्कल तिला आहेच. मी दारातून हॉलमध्ये पाहिलं. रत्नमाला तशीच उभी होती. स्टूल तिचं स्वतःचं, पण त्याच्यावरही ती बसली नव्हती. एक पाऊल दुसऱ्यावर ठेवून, मान थोडी खाली, हात पोटाशी. गिऱ्हाईक फोनवर बोलत असलं की मी पण अशीच उभी राहते. बाहेरून हे असं दिसतं, ते मला तोवर कुणी दाखवलं नव्हतं.

मी बाहेर आले. "रत्नमालाताई, मी कंपनीची साहेब नाही. मी तुमच्यासारखीच आहे. हेच काम करते."

"हो मॅडम."

"खरंच सांगते." मी बाथरूममधून ओळखपत्र आणून तिच्या हातात दिलं. तिने ते दोन्ही हातांनी धरलं, वाचलं आणि तसंच परत केलं.

"कंपनीचंच कार्ड हाय की मॅडम."

"हो, पण साहेबाचं नाही ना. तुमच्याकडे आहे तसलंच."

"हो मॅडम."

मग मी माझा फोन उघडला आणि जे कुणाला दाखवलं नव्हतं ते तिला मोठ्याने वाचून दाखवलं. एक स्टार, आणि खालचं ते वाक्य. मागे केतकीने पहिल्यांदाच ऐकलं. ती "ताई गं" एवढंच म्हणाली.

रत्नमालाने माझ्याकडे नीट पाहिलं. "एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठी. त्यात आयडी जायला आलाय. म्हणून बहिणीला बुकिंग करायला लावलं, मला पडेल म्हणून. ते पडलं तुम्हाला. आता तुम्ही हे कंपनीला कळवलंत तर रविवारपर्यंतही थांबायचे नाहीत."

"मी कशाला सांगू?" ती म्हणाली. मग माझ्या तोंडाकडे बोट केलं. "बसा. पॅक पार वाळला. काढाया पायजे, न्हाईतर कातडी ओढंल."

मी बसले. तिने ओल्या टॉवेलने पॅक काढला, तितक्याच हळुवार हाताने. थ्रेडिंगला तिने दोरा घेतला तेव्हा मी तिने न सांगता पापणी आणि कपाळ ताणून धरलं. ती "बरोबर" म्हणाली आणि जरा हसली. मला एकदम हलकं वाटलं. म्हटलं, पटलं हिला.

केतकीने चहा केला. रत्नमाला स्टुलाच्या कडेवर बसून कप दोन्ही हातांत धरून होती, आणि मी बोलत सुटले. कितीतरी दिवसांनी कुणीतरी भेटलं होतं जिला काही समजावून सांगावं लागत नव्हतं. मी तिला सांगितलं, बाथरूमसाठी काळेवाडी फाट्याजवळच्या मॉलमध्ये खालच्या मजल्यावर जायचं, तिथे कुणी हटकत नाही. रहाटणीच्या देवळामागे महापालिकेचं आहे, ते दुपारी धुतलेलं असतं. बुकिंगच्या आधी पाणी कमी प्यायचं नाही, मुतखड्याचा त्रास होतो, मला झालाय. चाक निखळलं तर कंपनीच्या ऑफिसात नेऊ नका, पिंपरीत बॅगवाला आहे. ती मान हलवत होती. "हो मॅडम." "मॅडम काय, संजीवनी म्हणा." "हो ताई." मी तिला म्हटलं, "दुपारी या भागात असलात की मला फोन करत जा. आपण एकत्र बसू. दोघी असलं की तेवढं अवघड वाटत नाही."

वेळ भरली तसा तिच्या फोनवर घंटीचा आवाज झाला. तिने कप खाली ठेवला, कागदी चादर गुंडाळून पिशवीत घातली, स्टूल मिटलं, जमिनीवर पडलेल्या खपल्या टिपून घेतल्या आणि दाराशी जाऊन चपला घातल्या. मी म्हटलं, "पुढच्या लिफ्टने जा, वॉचमनला मी सांगते."

"नको, आमाला जिना हाय."

"बरं, माझा नंबर तरी लिहून घ्या."

तिने फोन आधी पर्समध्ये ठेवला. पर्सची चेन लावली. मग माझ्या नजरेला नजर न देता, तोंडी परीक्षेत उत्तर द्यावं तशी, थोड्या मोठ्या आवाजात म्हणाली, "गिऱ्हाइकाचा नंबर घ्यायचा न्हाई, मॅडम. ट्रेनिंगला पयलंच सांगितलंय. मी कुणाचाच कधी घेत न्हाई."

मी दाराची चौकट धरून उभी राहिले. तिने बॅग उचलली. "थँक यू मॅडम, आपला दिवस शुभ जावो," हे शेवटचं वाक्यही तिने सोडलं नाही. जिन्यावर तिची बॅग प्रत्येक पायरीला एकदा आपटत होती. ती खाली जाईपर्यंत मला ते ऐकू येत राहिलं.

आत केतकी रत्नमालाचा कप हातात घेऊन उभी होती. वर जाड साय धरली होती.

"एक घोटपण घेतला नाही गं तिने," केतकी म्हणाली. "तिला खरं वाटलंच नाही का?"

"गिऱ्हाइकाकडे खायचं-प्यायचं नाही," मी म्हटलं. "तेही ट्रेनिंगमध्येच सांगतात."

"अगं, पण तू एवढं सगळं सांगितलंस."

तिच्या जागी मी असते तर मीही कप धरूनच बसले असते. कंपनीची बाई गोड बोलून नंबर देऊ करते, चहा देते, आपलं दुःख सांगते, आणि यातल्या कशाला तू भुलतेस ते बघते. खोटं निघालं तर तिचं सगळंच जाणार होतं. खरं निघालं तर एक मैत्रीण मिळणार होती. ज्या बाईची खोली एकदा रस्त्यात गेलीय ती असला सौदा कशाला करेल?

केतकीच्या फोनवर पाच चांदण्या उमटल्या होत्या, रंग भरायची वाट बघत. मी पाचही भरल्या. खाली लिहायला जागा होती. मी दोनदा लिहिलं आणि दोनदा पुसलं. काहीही लिहिलं असतं तरी ते तिने कंपनीची टिप्पणी म्हणूनच वाचलं असतं.

रविवारी माझा आयडी बंद झाला. पुढच्या महिन्यात ऑफिसातून फोन आला, की तीन दिवसांच्या ट्रेनिंगला पुन्हा येऊन बसा, आयडी चालू करून देऊ. नवरा म्हणाला जा, केतकी म्हणाली जा. मी काळेवाडीत एका बाईच्या पार्लरमध्ये खुर्ची भाड्याने घेतली आणि तिथेच राहिले. ट्रेनिंगला का गेली नाहीस, म्हणून केतकी अजून विचारते, आणि कंटाळा आला होता असं मी तिला सांगते. नव्या बायकांनाही त्याच ट्रेनिंगला बोलावतात. रत्नमाला तिथे असती, आणि मला दारातून आत येताना बघून जागची उठून उभी राहिली असती.